वाचकांचे प्रश्न : पाणकणसातली बदके, गळ आणि बंदुका

या वेळचे बहुतेक प्रश्न विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉन मार्शबद्दल आहेत. एक-दोन उत्तरे अमेरिकेतल्या कुठल्याही पाणथळीला लागू पडतील. परवाने, हंगामाच्या तारखा आणि पकडीच्या मर्यादा दरवर्षी बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या वर्षाची नियमपुस्तिका पाहायलाच हवी.

प्रश्न : फलकावर पक्षिनिरीक्षण, मासेमारी आणि शिकार अशी तिन्ही चित्रे शेजारी शेजारी होती. अभयारण्यात शिकार कशी चालते?

त्या जागेला आपण 'अभयारण्य' म्हणतो तिथेच घोळ होतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची सवय असल्याने संरक्षित जागा म्हटली की तिथे बंदूक नाही, हे आपण गृहीत धरतो. इथली मांडणी वेगळी आहे. होरिकॉन ही सुमारे ३३,००० एकरांची एकच सलग दलदल असली, तरी तिचे मालक दोन आहेत. उत्तरेकडचा अंदाजे दोन-तृतीयांश भाग केंद्र सरकारचा 'नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज' आहे आणि दक्षिणेकडचा एक-तृतीयांश राज्याचा 'वाइल्डलाइफ एरिया'. नियम दोन्हीकडे सारखे नाहीत. पक्ष्यांना ती सीमा ठाऊक नसते, असे वाटते खरे. प्रत्यक्षात शिकारीच्या हंगामात त्यांना ती चांगलीच कळते. त्याबद्दल पुढे येईलच.

१९९७च्या केंद्रीय कायद्याने रेफ्यूजमध्ये सहा गोष्टींना प्राधान्य दिले : शिकार, मासेमारी, वन्यजीव पाहणे, छायाचित्रण, निसर्गशिक्षण आणि माहिती देणारे कार्यक्रम. प्राधान्य म्हणजे मोकळे रान नव्हे. कुठल्या पट्ट्यात काय चालेल आणि कोणत्या महिन्यात, हे प्रत्येक रेफ्यूज स्वतंत्रपणे ठरवते. त्यामुळे फलकावरच्या चित्रांपेक्षा नकाशा महत्त्वाचा. आधी त्यावरचे 'बंद क्षेत्र' पाहा आणि मग बाकीचे.

यामागे पैशाचा हिशेबही आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. मासेमारीच्या सामानावर असाच कर १९५०पासून आहे. तिसरा भाग 'डक स्टॅम्प'चा, म्हणजे शिकाऱ्यांनी विकत घ्यायच्या केंद्र सरकारच्या तिकिटाचा. हा १९३४मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याची किंमत एक डॉलर होती, आता २५ डॉलर आहे आणि त्यातले जवळजवळ सगळे पैसे पाणथळी विकत घेण्यात आणि राखण्यात जातात. बदकांची शिकार करणाऱ्या, १६ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे. पक्षी पाहणाऱ्यांवर कसलीच सक्ती नाही. तरी आमच्या मते दुर्बीण गळ्यात अडकवून फिरणाऱ्या प्रत्येकाने तो घ्यावा. पोस्टात मिळतो, १ जुलै ते ३० जून चालतो आणि जिथे प्रवेशशुल्क आहे अशा रेफ्यूजमध्ये तोच पास म्हणून दाखवता येतो.

प्रश्न : आई-बाबा ऑक्टोबरमध्ये येत आहेत. बाबांना फार चालवत नाही. पक्षी नीट दिसायला कुठे आणि कधी जावे, आणि दुर्बीण कोणती घ्यावी?

ऑक्टोबर हा कॅनडा गूजचा, म्हणजे काळ्या मानेच्या आणि गालावर पांढरा पट्टा असलेल्या कलहंसांचा महिना. नोव्हेंबरमध्येही ते मोठ्या संख्येने असतात. सोबत सँडहिल क्रौंच असतात. सारस पाहिलेल्यांना हा छोटा, करडा आणि कपाळाला लाल ठिपका लावलेला भाऊ वाटेल. आपल्याकडचा वारकरी ओळखणाऱ्यांना इथला अमेरिकन कूट ओळखायला एक क्षणही लागणार नाही. पाणकणसांवर अगदी खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसला, तर तो बहुधा भोवत्या. कंबरेपाशी पांढरा पट्टा दिसला की खात्री झाली.

चालता येत नसेल तर काही बिघडत नाही, कारण पाणथळीत उत्तम आडोसा म्हणजे स्वतःची गाडी. माणसाची उभी आकृती दिसली की बदके उठतात, उभ्या गाडीकडे मात्र दुर्लक्ष करतात. उत्तर टोकाजवळून महामार्ग ४९ दलदलीतून पूर्व-पश्चिम जातो आणि रेफ्यूजचा मोटाररस्ताही तिथूनच निघतो. तो मोसमाप्रमाणे उघडतो आणि बंद होतो, तेवढे आधी विचारून घ्या. महामार्गावर गाड्या वेगात असतात. ठरवून दिलेल्या थांब्यांशिवाय कुठेही थांबू नका, पक्षी कितीही जवळ असला तरी.

आता उजेडाचे गणित. शरदात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो. पूर्व-पश्चिम रस्त्यावरून उत्तरेकडे पाहिले तर तो पाठीशी राहतो आणि पिसांचे रंग दिसतात. दक्षिणेकडे पाहिले तर पाणी चकाकते आणि बदके नुसत्या काळ्या सावल्या होतात. 'आज एकही ओळखता आले नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा दुर्बीण नसते, उभे राहण्याची बाजू चुकलेली असते. वाऱ्याचाही विचार करा. बदके वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. वारा पाठीवर घेऊन उभे राहिलात तर ती तुमच्या दिशेने येत उतरतील. गार वाऱ्याच्या दिवशी ती कणसांच्या आडोशाला, निवाऱ्याच्या बाजूच्या पाण्यात गोळा होतात, तिथे आधी पाहा.

दुर्बीण ८×४२ घ्या. यातला ८ म्हणजे पट आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ला ८ने भागले की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते, सव्वापाच मिमी. १०×४२मध्ये ती ४.२ होते, हात थरथरला की चित्रही जास्त हलते आणि दृश्य अरुंद होते. संध्याकाळी आणि वयस्कर हातांत ८च बरी. चश्मा लावणाऱ्यांनी डोळ्याजवळची रबरी कडा आत फिरवून घ्यायची, नाहीतर अर्धेच चित्र दिसते. स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठ्या पटीची दुर्बीण) असेल तर २० ते ३० पटीवरच राहा. ऊन तापले की पाण्यावरची हवा उकळल्यासारखी हलते आणि ६० पटीवर बदकाचा नुसता लगदा दिसतो. स्कोप काचेवर टेकवायचा असेल तर इंजिन बंद करा, त्याचा थरथराट थेट चित्रात उतरतो.

प्रश्न : शिकारीच्या हंगामात मुलांना घेऊन फिरणे सुरक्षित आहे का?

कोणता हंगाम, यावर ते ठरते. सगळे हंगाम सारखे धोक्याचे नसतात. बदकांच्या शिकारीत शॉटगनचे बारीक छर्रे वर हवेत मारले जातात आणि ते लांब जात नाहीत. हरणांच्या शिकारीत रायफलची गोळी मैलभर जाऊ शकते. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा नऊ दिवसांचा हरणांचा बंदूक-हंगाम हा खरा जपायचा काळ. त्या नऊ दिवसांत मुलांना घेऊन जंगलाच्या कडेच्या पायवाटा टाळाच. महामार्गालगतचे थांबे आणि अभ्यागत केंद्राजवळचा परिसर पुष्कळ आहे.

बाकीच्या शरदात झगझगीत नारिंगी जाकीट प्रत्येकाच्या अंगावर हवे, लहानग्यांच्या आणि कुत्र्याच्याही. तपकिरी, पांढरे आणि करडे कपडे नकोत, कारण पांढरी चमक हरणाच्या शेपटीसारखी दिसते. बदकांवर गोळीबार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत चालतो. शिकारी अंधारातच जागा धरतात आणि पहाटेचा जोर दहाच्या सुमारास ओसरतो. म्हणून राज्याच्या भागात दहानंतर जा. वाहनतळावरही तेव्हाच जागा मिळते.

पक्षी पाहणाऱ्याला हंगामाचा फायदाही करून घेता येतो. गोळीबार सुरू झाला की बदके बंद क्षेत्रात जाऊन बसतात, कारण तिथे कुणी त्रास देत नाही हे ती शिकलेली असतात. त्यामुळे दिवसा बंद क्षेत्राच्या कडेने, रस्त्यावरून पाहिले तर एरवी विखुरलेली बदके एकवटलेली सापडतात. सूर्य मावळून गोळीबार थांबला की थव्यामागून थवे खाण्यासाठी बाहेर पडतात. ती वीस मिनिटे चुकवू नका. अंधार पडायच्या आत परतायचा नियम असेल तिथे मात्र हे गाडीजवळूनच पाहायचे.

आणखी एक गोष्ट : शिकाऱ्याने पाण्यात खोटी बदके मांडलेली दिसली तर लांबूनच वळा. मुद्दाम टाळ्या वाजवून पक्षी उडवणे, वाटेत उभे राहणे हे सर्व ५० राज्यांत गुन्हा आहे. शिकार पटत नसेल तर त्या तासांत बंद क्षेत्राच्या बाजूला जाणे हाच शहाणपणा.

प्रश्न : पाण्याच्या मध्ये एक भला मोठा पांढरा पक्षी होता. व्हूपिंग क्रेन असेल का?

असू शकतो, पण पांढऱ्या मोठ्या पक्ष्यांपैकी बहुतेक वेळा तो नसतो. उडताना पाहा. व्हूपिंग क्रेन, म्हणजे व्हूपिंग क्रौंच, मान आणि पाय दोन्ही ताठ पसरून उडतो आणि फक्त पंखांची टोके काळी असतात. मान दुमडलेली, सगळे अंग पांढरे आणि चोच पिवळी असेल तर मोठा बगळा. मान आखडलेली, चोच अवजड आणि पंखांची मागची कडा काळी असेल तर पेलिकन. मान लांब पण पाय मागे दिसत नाहीत आणि काळे कुठेच नाही, तो राजहंसाच्या जातीतला. पंखांची टोके काळी पण पक्षी आखूड आणि थव्यात असेल, तर तो स्नो गूज. जमिनीवर उभा असेल तर व्हूपिंग क्रौंच पाच फुटांचा, शेजारच्या करड्या क्रौंचापेक्षा स्पष्ट उंच, आणि माथ्यावर लाल.

१९४१मध्ये या जातीचे वीस-बावीसच पक्षी उरले होते. त्यामुळे दिसलाच तर गाडीतून उतरू नका आणि नेमकी जागा लगेच समाजमाध्यमांवर टाकू नका.

प्रश्न : सासऱ्यांना गळ टाकायची आवड आहे. ते पर्यटक व्हिसावर आले आहेत. परवाना लागेल का? काय सामान घ्यावे आणि मासा खाता येईल का?

परवाना लागतो. राज्याबाहेरच्यांसाठी विस्कॉन्सिनमध्ये कमी मुदतीचे परवाने आहेत, त्यात एक दिवसाचा आणि चार दिवसांचाही असतो. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. १६ वर्षांखालच्या नातवंडांना परवाना लागत नाही. फक्त 'मी नुसता रॉड धरून उभा होतो' हे उत्तर वॉर्डन ऐकून घेत नाही. दोर पाण्यात आहे म्हणजे मासेमारी चालू आहे.

दलदलीतले पाणी उथळ आणि गाळाचे असते. इथे नॉर्दर्न पाइक, बुलहेड, क्रॅपी आणि भरपूर कार्प मिळतात. पाइकचे दात सुरीसारखे असतात, साधा नायलॉनचा दोर एका झटक्यात कापला जातो. गळाच्या आधी ९ ते १२ इंचांची तारेची लीडर लावा. बाकीच्यांसाठी हलका रॉड, ६ ते ८ पौंडांचा दोर, ६ किंवा ८ नंबरचा गळ, लहान बॉबर (दोरावरचा तरंगता गोळा) आणि गांडूळ एवढे पुरे. बॉबर अशा उंचीवर बांधा की आमिष वनस्पतींच्या वर तरंगेल. ते तळाला टेकले की गळ शेवाळाने भरतो आणि मासा लागत नाही. या पाण्यात रिकाम्या हाताने परतण्याचे हे पहिले कारण. दुसरे म्हणजे भर दुपार. उन्हाळ्यात उथळ पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि मासे सुस्तावतात. उजाडताना किंवा तिन्हीसांजेला, चर आणि बंधाऱ्याच्या पाणी वाहत्या जागी बसा. बुलहेड मांगूरसारखा चिकट आणि मिशाळ असतो. त्याच्या पाठीच्या आणि छातीच्या परांत ताठ काटे असतात, म्हणून मुठीत पकडू नका. बोटे काट्यांच्या मागून घ्या.

शिशाची वजने वापरू नका. पडलेले तुकडे पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. तुटलेला दोरही तिथे टाकू नका. एका बगळ्याच्या पायाला गुंडाळायला हातभर दोर पुरतो. परतताना नावेतले, बादलीतले आणि गमबुटातले पाणी काठावरच ओता, चिकटलेल्या वनस्पती काढा आणि जिवंत मासा घरी नेऊ नका. हा नुसता सल्ला नाही, राज्याचा कायदा आहे, कारण परक्या जाती एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात अशाच जातात.

खाण्याचे म्हणाल तर प्रश्न पाऱ्याचा आहे. मासा जितका मोठा आणि शिकारी, तितका पारा जास्त साठतो. राज्याची सर्वसाधारण सूचना अशी : मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया आणि १५ वर्षांखालची मुले यांनी ब्लूगिल, क्रॅपी, पर्च, बुलहेड आठवड्यातून एकदा, पाइक-बासवर्ग महिन्यातून एकदा, मस्की अजिबात नाही. पुरुष आणि वयस्कर स्त्रियांना क्रॅपी-ब्लूगिलवर मर्यादा नाही, पाइक आठवड्यातून एकदा. काही ठिकाणच्या पाण्यासाठी याहून कडक सूचना असतात, त्या वेगळ्या छापलेल्या असतात. पाइकमध्ये इंग्रजी वायच्या आकाराचे काटे असतात. तुकडे करण्याआधी पाठीच्या बाजूने ती ओळ काढली नाही तर कालवणात घशाला लागतात.

प्रश्न : एच-वन-बी व्हिसावर आहे. सहकारी बदकांच्या शिकारीला बोलावतात. जाता येईल का?

नुसते सोबत जायला हरकत नाही. बंदूक हातात घेण्याआधी मात्र थांबा. केंद्रीय कायद्यानुसार नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत. यात एच, एल, एफ आणि पर्यटक व्हिसाही आले. अपवाद म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना जवळ असणे. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. मित्राची बंदूक क्षणभर हातात घेणेही 'बाळगणे' ठरू शकते, आणि याचे परिणाम व्हिसावर, पुढे ग्रीनकार्डवर होतात. ग्रीनकार्डधारकांना ही बंदी लागू नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, शिकारी मित्राला नको.

परवाना घ्यायचा ठरला तर क्रम असा : हंटर एज्युकेशनचा वर्ग (विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा नंतर जन्मलेल्यांना सक्तीचा), मग लहान प्राण्यांच्या शिकारीचा परवाना, राज्याचा बदक-स्टॅम्प, केंद्राचा डक स्टॅम्प आणि स्थलांतरित पक्ष्यांची किती शिकार झाली याच्या अंदाजासाठीची हिप नोंदणी. कलहंसांसाठी वेगळी परवानगी लागते. यातले एकही राहिले तर दंड होतो.

नवख्यांचे हमखास चुकते ते हे. शॉटगनमध्ये एका वेळी तीनहून जास्त काडतुसे मावू नयेत. पाच मावत असतील तर लाकडी किंवा प्लास्टिकचे अडसर आत बसवावे लागते, आणि वॉर्डन तेच आधी तपासतो. दुसरे, शिशाचे छर्रे चालत नाहीत. १९९१पासून देशभर बदकांवर फक्त बिनविषारी, बहुधा पोलादी छर्रे वापरायचे. पोलाद हलके असल्याने वेग आणि मारा लवकर घटतो, म्हणून शिशाच्या ४ नंबरऐवजी पोलादाचा २ नंबर, असा दोन माप मोठा छर्रा (नंबर लहान, तितका छर्रा मोठा) घेतात आणि ३५-४० यार्डांपलीकडे मारत नाहीत. लांबून मारलेले बदक जखमी होऊन कणसात घुसते आणि सापडत नाही. शोधायचा खरा प्रयत्न करणे कायद्याने बंधनकारक आहे. दाट कणसात तो शिकवलेल्या कुत्र्याशिवाय जवळजवळ निष्फळ. तिसरे, दाणा टाकलेल्या जागी शिकार नाही. दाणा काढल्यावरही ती जागा दहा दिवस बाद.

आणि पाणी. छातीपर्यंतच्या वेडर्सना (पाण्यात शिरायच्या जलरोधक विजारींना) कमरेशी पट्टा घट्ट बांधा, पडलात तर आत पाणी वेगाने भरत नाही. जिथे गाळावर कणसांची तरंगती गादी असते, तिथे पाय टाकण्याआधी वल्ह्याने टोचून पाहा. नावेत जीवरक्षक जाकीट अंगावरच हवे, बाकावर ठेवलेले नको.

प्रश्न : ऑगस्टमध्ये पाण्याच्या जागी नुसता चिखल आणि काही मेलेली बदके दिसली. दलदल मरते आहे का?

बहुधा चिखल मुद्दाम केलेला आहे. होरिकॉनच्या पाण्याला माणसाचा हात लागून दीडशेहून अधिक वर्षे झाली. १८४६मध्ये धरण बांधून तिचे तळे केले, १८६९मध्ये धरण काढले, पुढे चर खणून शेती करायचा प्रयत्न झाला आणि तो फसला. आज बांध आणि फाटकांनी तिचे भाग पाडले आहेत. एखाद्या भागाचे पाणी उन्हाळ्यात उतरवले की उघड्या गाळात दाण्याच्या वनस्पती उगवतात आणि शरदात पुन्हा पाणी सोडले की बदकांना जेवण तयार. चिखलावर त्याच वेळी तुतवार-टिलव्यांची गर्दी होते. पाच-दहा सेंमी पाणी त्यांना लागते, पाणी चाळणाऱ्या बदकांना साधारण पाव मीटरपर्यंत. पाणी उतरवल्याने गाळ ढवळणाऱ्या कार्पलाही आळा बसतो.

मेलेल्या बदकांचे कारण मात्र वेगळे असू शकते. उष्ण, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात बोट्युलिझमचे विष तयार होते, बदकाची मान लुळी पडते. मेलेल्या अंगातल्या अळ्यांत ते विष साठते, त्या खाऊन पुढची बदके मरतात. बर्ड फ्लूची शक्यताही असते. हात लावू नका, कुत्र्याला जवळ जाऊ देऊ नका, जागा आणि अंदाजे संख्या कार्यालयाला कळवा. एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेर राज्याच्या जमिनीवर कुत्रा दोरीनेच ठेवायचा असतो, कारण तो काळ घरट्यांचा.

प्रश्न : मुलीला पडलेले पीस सापडले, ती वहीत ठेवणार आहे. चालेल ना?

नाही. १९१८च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यानुसार इथल्या बहुतेक रानपक्ष्यांचे पीस, घरटे, अंड्याचे टरफल बाळगणेही बेकायदा आहे, जमिनीवर सापडलेले असले तरी. कारण सापडलेल्या आणि मारून काढलेल्या पिसात फरक करता येत नाही. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवून, आणि पीस तिथेच सोडा. घरी येताच मुलीचे पाय, गुडघ्यांच्या खाचा आणि कानामागे गोचीड पाहायला विसरू नका. सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. पिळू नका, तेल वा काडी लावू नका.